उन्हात वाळवलेलं जॅझ

मे महिन्यात आमच्या गच्चीवर आईच्या कुरड्या वाळत असत आणि त्यांच्याच शेजारी, कान तुटलेल्या एका परातीत, माझे सेल. टेपरेकॉर्डरचे, जाडे, चार. संपलेला सेल उन्हात ठेवला की त्याच्यात पुन्हा जीव येतो, असा तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांचाच समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. शिवाय नागपूरचं ऊन. तारेवर टाकलेला शर्ट काढायला पाच मिनिटं उशीर झाला तर तो इस्त्री होऊनच हातात यायचा. आमच्या लांबच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याला डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं होतं. घरचे लोक त्याला दुपारी खाटेसकट अंगणात विसरले, तर तिसऱ्या दिवशी तो इतवारीत सायकलवर दिसला. जिथे माणसं उठून बसतात तिथे सेलाचं काय घेऊन बसलात!

सेल वाळवायचं कारण माझा मित्र. तो आमच्या घरापासून चार घरं सोडून आईबरोबर राहायचा आणि मामाच्या बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवायचा. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, टोपीला तुरा. मे महिन्याच्या वरातीत त्या कोटाच्या आत माणूस वाफेवर शिजायचा, पण वरचं बटण उघडायची सोय नव्हती, कारण मामा मागून चालत असायचा. मामा बँडचा मालक आणि सगळ्यांचा गुरू. त्याचं शिकवणं एवढंच होतं : "जसं हाय तसं. आपल्या मनचं घालाचं नाही." नवा सिनेमा लागला की सगळा बँड पहिल्या खेळाला जाऊन बसे आणि गाणं कानाने उचलून आणे. नोटेशन एकालाही येत नव्हतं. पण उचलायचे म्हणजे काय उचलायचे! पडद्यावर गाण्याच्या मध्ये दार वाजलं असेल, तर ढोलवाला वरातीतही त्या जागी दार वाजवायचा. एका गाण्याच्या वेळी टॉकीजमध्ये रीळ तुटलं होतं. ते गाणं आमच्या भागात पुढच्या तीन लग्नसराया तसंच, मध्येच तुटून, अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू व्हायचं. तेवढ्या वेळात वऱ्हाडी सवयीने शिट्ट्या मारत.

हे सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाचं. मामाने त्या वर्षी जाहीर केलं होतं की ही शेवटची लग्नसराई. लोक आता हातगाडीवर भोंगा लावून नाचतात, बँड कोणाला पाहिजे? पावसाळ्यापासून तो इतवारीत अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचं दुकान टाकणार होता आणि भाच्याला गल्ल्यामागे बसवणार होता. मित्र तिथे एकदा जाऊन पाहून आला. मला म्हणाला, "चार भित्तींवर टोपलेच टोपले हायत गा. वारा आला तं सारेच वाजतात, आन् सारे बेसूर."

अशात एका मोठ्या धान्य-व्यापाऱ्याच्या घरचं लग्न आलं. वरात मामाच्या बँडची, आणि आतल्या समारंभासाठी मुंबईच्या एका हॉटेलातून आणलेला ऑर्केस्ट्रा. वरात मांडवाच्या तोंडाशी पोचली आणि घोडी बिथरली. ढोलवाले पळाले, ट्रम्पेटवाला नालीत गेला, नवरदेव घोडीच्या मानेला मिठी मारून बसला. माझा मित्र मात्र होता तिथेच उभा राहिला आणि हाती असलेला सूर सोडला नाही. मी सांगतो तेव्हा तो सूर सात मिनिटांचा असतो. खरा एक मिनिटभर असेल. घोडी कान टवकारून उभी राहिली आणि शांत झाली. मुंबईच्या ऑर्केस्ट्राचा मास्तर हे दारातून बघत होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "आमचा क्लॅरनेटवाला परदेशी चाललाय. जूनच्या पहिल्या सोमवारी मुंबईला ये, वाजवून दाखव. पटलं तर ठेवून घेतो. जॅझ येतं ना?"

"येते," मित्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात.

"जॅझ म्हंजे काय गा?"

मलाही माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती, म्हणून मी अर्धा तास सांगितलं. कापूस वेचणाऱ्या लोकांपासून सुरुवात केली, त्यात आपल्या यवतमाळचा कापूस आणला, आणि अमेरिकेच्या एका अध्यक्षाला जॅझ ऐकून कसा ताप चढला होता इथपर्यंत पोचलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"थे सारं ठीक हाय. वाजते कसं?"

"ऐकल्याशिवाय नाही समजत. मी तुले कॅसेट भरून देतो."

"फेकून राहिला का बे?"

"आईशप्पथ."

"तुह्या आईशप्पथीवर तुही आई तरी विश्वास ठेवते का?"

यात तथ्य होतं. फुटाळा तलावात मगर आल्याचं मी एकदा सांगितलं होतं आणि अर्धी गल्ली डबे घेऊन दुपारपर्यंत काठावर बसली होती. तेव्हापासून माझ्या तोंडून 'पाऊस येऊन राहिला' असं निघालं तरी लोक आधी आभाळाकडे बघत.

कॅसेट मात्र मी खरंच भरणार होतो, कारण रेकॉर्ड कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात पेशंटांची नावं लिहायच्या कामावर होतो. दर गुरुवारी तिथे रेल्वेतले एक निवृत्त गार्ड गुडघा दाखवायला येत. अँग्लो-इंडियन, सत्तरीचे, सहा फूट, उन्हाळ्यातही टाय. मोहननगरात एकटेच राहत, बायको जाऊन काही वर्षं झाली होती. लढाईच्या काळात गोऱ्या सोल्जरांच्या गाड्या त्यांनी नेल्या होत्या आणि त्या सोल्जरांकडून मिळालेल्या रेकॉर्डी त्यांच्याकडे होत्या. किती, ते त्यांनी मला दर गुरुवारी वेगळं सांगितलं, आणि त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागली होती.

मी विचारलं. ते म्हणाले, "रेकॉर्ड घर से बाहर नहीं जाएगा. तुम मशीन लेके आओ, मैन. दोपहर में."

मित्राला येणं शक्य नव्हतं. मे महिन्यात त्याच्या दिवसाला दोन-दोन वराती होत्या. दवाखाना दुपारी बंद असायचा, म्हणून मी एकटाच जाणार. मशीन माझ्या भावजींनी आखातातून आणलेली होती. अस्सल जपानी. तिची विजेची वायर नागपूरच्या विजेने पहिल्याच महिन्यात खाऊन टाकली होती, त्यामुळे ती सेलांवरच चाले. नवे सेल घ्यावेत असं मनात आलं होतं. पण दुकान दुपारी बंद आणि गच्ची डोक्यावरच. परातीतले चारही सेल इतके तापले होते की ते मी आईच्या चिमट्याने मशीनमध्ये घातले.

गार्डसाहेबांकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि त्याला भोंगा होता. माझ्या मशीनला माइक होता. भोंग्यासमोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर माइक, अशी व्यवस्था झाली. आवाज येऊ नये म्हणून कूलर बंद केला, खिडक्या लावल्या. नंतरचा अर्धा तास आम्ही दोघं त्या खोलीत भाजलो. मी पातळ होऊन खुर्चीवरून ओघळलो होतो म्हटलं तरी चालेल.

कोणतं गाणं आधी आणि कोणतं नंतर, हे मी ठरवायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुम गाडी कभी बनाया है?"

"नाही, अंकल."

"तो बैठो."

मग त्यांनी ती कॅसेट आगगाडी जोडावी तशी जोडली. सगळ्यात पुढे इंजिन : असं दणदणीत की ऐकणारा जागच्या जागी हलला पाहिजे. मग दोन डबे गर्दीचे, ज्यांत सगळी वाद्यं एकमेकांना कोपर मारत बोलतात. मग एक फर्स्ट क्लास, फक्त क्लॅरनेट आणि पियानो, सभ्य. पाचवा पुन्हा गर्दीचा. सहावी रेकॉर्ड त्यांनी वेगळ्या पाकिटातून काढली, बाहीने पुसली, परत पाकिटात घातली, पुन्हा काढली.

"ये लास्ट में. ये ब्रेकव्हॅन है. गार्ड का डब्बा."

ती फार सावकाश होती. इतकी की मध्ये मला वाटलं ग्रामोफोन बंद पडला. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये ते आणि त्यांची बायको शेवटचा नाच याच गाण्यावर करत, एवढं त्यांनी सांगितलं आणि चावी द्यायला लागले.

आता शिट्टीचं. चाळीस वर्षं गार्डकी केलेल्या त्या माणसाला शिट्टी दिल्याशिवाय काहीच सुरू करता येत नव्हतं. सुई ठेवायच्या आधी ते खिशातून घड्याळ काढत, बघत, आणि गळ्यातली शिट्टी फुंकत. मग रेकॉर्ड. त्यामुळे कॅसेटवर सहा गाणी आणि सहा शिट्ट्या आल्या. शिट्टी नको असं म्हणून पाहिलं, तर ते म्हणाले, "विदाउट सिग्नल?" आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखाद्या पुलावरचे रूळच काढून नेले होते.

कॅसेट आणि मशीन दोन्ही मी मित्राला दिली. त्याने नवे सेल आणून घातले. तो माणूस माझ्यासारखा नव्हता. चौथ्या दिवशी भेटला तेव्हा पहिलं इंजिन त्याच्या बोटांत आलं होतं.

"येक सांग. ही शिट्टी कोन मारते? बँडातलाच माणूस का?"

खरं सांगायचं तर मोहननगर, गुडघा, गार्डकी सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "त्यांच्याकडची पद्धतच हाय तशी. जॅझमध्ये पहिले शिट्टी."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने इतवारीतून पितळेची शिट्टी आणली. आपल्या मनाचं घालायचं नाही, तसं दुसऱ्याचं गाळायचंही नाही.

"बाकी सारं जमून राहिलं," तो म्हणे, "पाचवी न् सहावी चीज लय बेकार सुरात हाय गा. बोटं मोडतात. आन् सहावी भल्ली पळते." मी म्हणालो, जॅझ आहे, पळणारच.

त्या सहाव्या चीजेवर मी एक वरात नाचताना पाहिली. इतवारीच्या गल्लीत धान्याच्या हातगाड्या बाजूला लावून पन्नास-साठ माणसं नाचत होती आणि एक जाडे काका तोंडात रुमाल धरून नागीण करत होते. मित्र क्लॅरनेट वर करून वाजवत होता. मला नुसता अंधूक संशय आला की हे मी कुठेतरी ऐकलंय, पण असं नाही. संशय मी झटकून टाकला. नाचणाऱ्या लोकांत मीही होतो.

मुंबईची गाडी शनिवारची. त्याच्या आधीच्या बुधवारी, मित्र वरातीत असताना, मी मशीन त्याच्या घरून उचलली आणि गार्डसाहेबांकडे नेली. हेतू फुशारकीचा. जपानी मशीन कशी भरते ते त्यांनी ऐकावं.

मी बटण दाबलं. शिट्टी वाजली, जरा किरटी वाटली. इंजिन सुरू झालं. साहेबांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी घड्याळ बाहेर काढलं. दुसऱ्या गाण्यापर्यंत ते उभे राहिले होते. सहावी सुरू झाली तेव्हा त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि संपेपर्यंत काट्यावरची नजर हलवली नाही.

"मेरा रेकॉर्ड तीन मिनिट दस सेकंद," ते म्हणाले. "तुम्हारा दो मिनिट चालीस."

"मशीन तो जपानी है, अंकल."

"देखो मैन. लेट गाडी सिर्फ लेट होता है. बिफोर टाइम गाडी आगेवाले को जाके ठोकता है."

मग त्यांनी सेल कुठले ते विचारलं. मी परातीचं सांगितलं, चिमट्याचंही. त्यांनी मला समजावलं. उन्हात वाळवलेल्या सेलात जीव येतो, पण पाहुण्यासारखा, थोड्या वेळाचा. भरताना मशीन हळूहळू दमत गेली, फीत सावकाश सरकत गेली. नव्या सेलांवर तीच फीत पळते, आणि सूरही चढतो. पहिल्या गाण्यात फरक थोडा, पुढे वाढत वाढत सहाव्यात सगळ्यात जास्त. त्यांनी काहीतरी आणखी सांगितलं, पण मी तोपर्यंत मुंबईच्या त्या मास्तरसमोर उभा होतो. आजूबाजूला सगळा ऑर्केस्ट्रा एका वेगात, एका सुरात, आणि माझा मित्र त्यांच्या पुढे पळत, वरच्या सुरात, गळ्यात पितळेची शिट्टी. तिथून परतीची गाडी, आणि अ‍ॅल्युमिनियमचे टोपले.

संध्याकाळी दोन वरातींच्या मध्ये तो घरी पाणी प्यायला आला तेव्हा मी त्याला गाठलं. त्याची आई, जिला मी मावशी म्हणत असे, त्याच्या कोटाच्या पाठीवरचं घामाचं मीठ ओल्या फडक्याने पुसत होती. मी एका दमात सांगितलं : सेल उन्हात वाळवले, म्हणून मशीन दमली, म्हणून कॅसेट पळते, म्हणून तू जे शिकलास ते सगळं चूक आहे.

तो पाणी पिता पिता हसला. पाणी नाकातून आलं.

"उन्हात सेल ठेवले म्हून गाणं पळते? मंग सावलीत ठेवले असते तं बसलं असतं का गा?"

"खरं सांगून राहिलो."

"आन् फुटाळ्यातली मगर कशी हाय? बाळंत झाली?"

"अबे, ऐक ना! रेकॉर्ड मोहननगरातल्या एका गार्डाच्या हायत. शिट्टी त्याची हाय. जॅझमध्ये शिट्टी नसते."

आता मावशीही हसायला लागली. "गार्ड काहून शिट्टी मारंल रे बाबू घरात? घर का ठेसन होय?"

माझ्यावर आयुष्यात अशी वेळ आली नव्हती. खोटं बोलताना मला कधी घाम फुटला नाही. त्या दिवशी प्रत्येक शब्द खरा होता आणि एकही उभा राहत नव्हता. मी जितकं नेमकं सांगू लागलो तितकं ते बनावट वाटू लागलं. तीन मिनिटं दहा सेकंद म्हणालो तर मित्र मावशीला म्हणाला, "पाह्य, सेकंदही सांगते." शेवटी मी बोलणं सोडलं. त्याची सायकल अंगणात होती. मी क्लॅरनेट उचललं, कॅरिअरला बांधलं आणि सायकलवर बसून निघालो.

तो पाठीमागून धावत आला. लाल कोट, तुरा, पायात एकच चप्पल. इतवारीपासून रेल्वे पुलापर्यंत लोकांनी बघितलं की बँडवाला एका सायकलस्वाराच्या मागे शिव्या देत पळतोय. मी मुद्दाम हळू चालवत होतो, नाहीतर तो दमून परत गेला असता. पुलावर त्याने मला गाठलं, पण तोवर अर्ध्याहून जास्त रस्ता झाला होता. तो पुढे दांडीवर बसला आणि मोहननगर येईपर्यंत माझ्या खानदानाविषयी बोलत राहिला.

गार्डसाहेबांनी दार उघडलं. आधी कोट पाहिला, मग तुरा, मग एक चप्पल. मग ग्रामोफोनला चावी दिली, सहावी रेकॉर्ड ठेवली, घड्याळ पाहिलं आणि शिट्टी फुंकली.

मित्राने वळून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

रेकॉर्ड वाजत राहिली. तीन मिनिटं दहा सेकंद तो हलला नाही. संपल्यावर त्याने सायकलवरून क्लॅरनेट सोडून आणलं आणि आपलं वाजवलं, जे वरातीत वाजवत होता ते. साहेबांनी तेही पूर्ण ऐकलं. त्यावर इतवारीत नागीण झाली होती हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, पुढेही कधी नाही.

"अच्छा बजाता है," ते म्हणाले. "लेकिन हमारा मिसेस इतना जल्दी में कभी नहीं था."

मित्राने मान खाली घातली. "आता थे बोटात बसलं, साहेब. निघत नाही."

"कितना दिन है?"

"शनिवारी गाडी हाय."

"दोपहर में आओ."

गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी दुपारी त्याने मामाच्या वराती चुकवल्या. मामाने त्याला भर गल्लीत काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण ते कोणाला खोटं वाटणार नाही. साहेब खुर्चीवर घड्याळ हातात घेऊन बसत. मित्र वाजवत असे. पहिली चार गाणी थोड्याशा लगामाने रुळावर आली. पाचवं त्यांनी सोडून द्यायला लावलं. सहाव्याचा सूर रेकॉर्डला लावून पहिल्याच दुपारी खाली आला, वेग मात्र दोन्ही दिवस छळत राहिला. बोटं पुढे धावत, साहेब हात वर करत, पुन्हा पहिल्यापासून. ते म्हणत, "पुल आया है. कॉशन ऑर्डर है. धीरे." मी कोपऱ्यात बसून आजच्या काळात ज्याला पश्चात्ताप म्हणतात तसलं काहीतरी करत होतो आणि मध्ये मध्ये दोघांना पाणी देत होतो. शुक्रवारी कूलर बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या घरघरीतच शेवटी एकदा ते गाणं नीट झालं. साहेबांनी काटा पाहिला. तीन मिनिटं आठ सेकंद.

"चलेगा," ते म्हणाले. "शिट्टी इधर छोड के जाओ."

मित्राने पितळेची शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

पोस्टकार्ड दहा दिवसांनी आलं, मावशीच्या नावाने. मावशीला वाचता येत नव्हतं. ती कार्ड पदराखाली घेऊन आमच्या दारात आली, कारण पत्र वाचायला गल्लीत सगळ्यात जवळचा मीच होतो. मी वाचलं :

'गाडी सहा घंटे लेट पोचली. सोमवारी वाजवलं. मास्तरनं पहिले जोरात चीज मांगितली, थे बरी झाली, मधात जराशी पळाली. मंग त्यानं सावकाश मांगितली. सहावी वाजवली. साऱ्यांनी संग वाजवलं, शेवटपर्यंत कोणी थांबलं नाही. मास्तर म्हणे नोटेशन शिक, तोवर मागच्या रांगेत बस. उद्यापासून बसतो. मामाले सांग.'

मावशीने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि उलटसुलट पाहिलं.

"यवढं सारं लिवलं हाय यात?"

"हो, मावशी."

"ठेवून घेतलं म्हंते?"

"मागच्या रांगेत."

तिने कार्ड परत पदराखाली घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण ते तिने तिथेच धरून ठेवले होते, खर्च करायची तयारी नव्हती. म्हणाली, "रागावू नोको रे बाबू. दुसऱ्या कोनाकडून वाचवून आनतो." आणि गेली. आधी कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंकडे, मग राशनच्या दुकानात, मग पोस्टमनलाच रस्त्यात अडवून. मी खिडकीतून तिला तिन्ही ठिकाणी बघत होतो. पोस्टमनने वाचून संपवलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि मग रडली.

गुरुवारी गार्डसाहेब गुडघा घेऊन दवाखान्यात आले. त्यांचं नाव लिहिताना मी त्यांना सगळं सांगितलं : इंजिन, ब्रेकव्हॅन, मागची रांग. त्यांनी ऐकलं. मग टेबलावर वाकून विचारलं, "उसका गाडी? राइट टाइम पहुँचा?"

"राइट टाइम, अंकल," मी म्हणालो. "एक मिनिट इधर-उधर नहीं."

"मालूम था हमको," ते म्हणाले आणि टाय सारखा करून बाकावर जाऊन बसले.